माशी कुठे शिंकली

नुर्मेसच्या बंबखान्याखाली तळघर आहे,
पंचवीस मीटर लांब.
वर रस्त्यावर उणे एकोणीस,
खाली एकच हीटर,
तोही एवेर्तीच्या गुडघ्यांकडे तोंड करून.

तानेलीचं पिस्तूल माझ्या नावावर व्हायला आठ महिने लागले.
त्याचा कोट दोन दिवसांत कुणीतरी नेला होता.

मी कवळ्या घडवते. केसभर उंचवटा बोटाला कळतो.
वाटलं होतं, हे जमेल.

एवेर्ती म्हणाला, पुढे माशी, मागे खाच.
माशीचा माथा खाचेच्या काठाशी समतल,
दोन्हीकडे उजेडाच्या सारख्या फटी.
आणि निशाण?
धूसरच राहू दे.
डोळ्याला एका वेळी एकच अंतर सांभाळता येतं.
माशी लख्ख हवी. काळं वर्तुळ
धुक्यातल्या होडीसारखं तरंगलं तरी चालेल.

जिथे मारायचं तिथे बघायचं नाही,
हा कुठला न्याय?

तो चिडला नाही. काडतुसांच्या खोक्यावर
पेन्सिलीनं दोन रेघा काढल्या.
हात हलला, सगळं मिळून बोटभर सरकलं,
तर गोळीही बोटभरच सरकते.
पण हात दगडासारखा, आणि माशी खाचेत केसभर कलली,
तर तो केस पंचवीस मीटर चालत जातो,
वाटेत जाड होत जातो,
कागदाशी पोचतो तेव्हा बोटाएवढा.

कंप चालतो, सिर्का. कल नाही चालत.

मी पाच झाडल्या.
एकमेकींना चिकटून, एका नाण्याखाली झाकतील अशा,
पण काळ्याच्या बाहेर, घड्याळात दोन वाजतात त्या बाजूला.
पुन्हा पाच. तिथेच.
पुढच्या गुरुवारीही तिथेच.
कुठे माशी शिंकली, कळेना.

विखुरल्या असत्या तर तुझी चूक, एवेर्ती म्हणाला.
या तर घोळक्यानं जातायत.
कुणीतरी बोलावल्यासारख्या.
त्यानं पिस्तूल घेतलं, स्वतः पाच झाडल्या.
दोन वाजता. पाचही.

मग चष्मा कपाळावर चढवून
मागच्या खाचेचे स्क्रू बराच वेळ बघत बसला.
उजवीकडे सरकवलीय, म्हणाला. वरही.
तुझा भाऊ चाप ओढताना दचकायचा.
बारीक, पण दर वेळी. गोळी डावीकडे, खाली.
मी सांगून थकलो. ते काही गेलं नाही.
मग एक दिवस अचानक बरोबर लागायला लागल्या,
आणि मी विचारलं नाही.

तानेलीचा काही नेम नाही, आई म्हणायची.
तिच्या कपाटात त्याचे अकरा चषक आहेत.

लहानपणी पिएलिनेनवर बर्फ तडकायचा,
पायाखालून, लांबून, तोफ डागल्यासारखा.
आवाजाच्या जरा आधी
तानेली माझा हात घट्ट धरायचा.
मला वाटायचं, माझ्यासाठी.

एवेर्तीनं स्क्रूड्रायव्हर पुढे केला.
गोळी जिकडे न्यायची, मागची खाच तिकडेच फिरव.
माशीचं उलट असतं, पण ही तर पक्की बसवलेली.

खट.
इतका लहान आवाज. तरी खांदे आखडले.
खट. खट.
प्रत्येक खटक्याला थोडं थोडं
त्याचं दचकणं निघत होतं पोलादातून,
आणि मला थांबावंसं वाटत होतं,
आणि मी थांबले नाही.

मग नऊ, आठ, नऊ, सात, नऊ.
सगळ्या काळ्यात. बऱ्या.

निघताना वहीत लिहून ठेवलं:
डावीकडे सात, खाली चार.
कधी परत फिरवावे लागले तर.
एवेर्तीनं हीटर बंद केला,
म्हणाला, गुरुवारी जाड मोजे घालून ये,
फरशीतला गारवा आधी पायांना कळतो,
मग माशीला.